हगूर

डॉक्टर आबासाहेब काकड्यांच्या डोळ्यांत जादू आहे, असं निम्मं सोलापूर म्हणायचं. सात रस्त्याला टांगेवाल्यापाशी नुसतं "मोहिनीवाला डॉक्टर" म्हटलं की तो आणून दारात सोडायचा, आणि स्वतः मात्र मान खाली घालून घोडा वळवायचा. न जाणो, आपल्यावरच नजर पडायची! मला हसू यायचं. चष्मा काढला तर डॉक्टरांना टांगा सोडा, घोडासुद्धा दिसला नसता. बार्शीकडचा बुटका, साधा माणूस. मुंबईला डॉक्टरकी शिकला, तिथंच एका मोठ्या डॉक्टरकडं हे संमोहनाचं शास्त्र शिकला, आणि इथं येऊन लोकांच्या शंकांना तोंड देत बसला.

लोकांना वाटायचं, डॉक्टर माणसाला झोपवतो आणि मग त्याच्याकडून हवं ते करवून घेतो. साफ खोटं. संमोहनात माणूस झोपत नाही. तो सगळं ऐकत असतो. पोथी रंगात आली की मुंगी चावलेली कळत नाही ना, तेवढंच ते. मन एका जागी लागतं आणि बाकीचं बाजूला सरकतं. दुखणं जात नाही, फक्त दाराबाहेर थांबतं. आणि ज्याला यायचंच नाही त्याला ब्रह्मदेव आला तरी त्या अवस्थेत नेऊ शकत नाही. रोग्यानं आवाजावर भरवसा टाकावा लागतो. भरवसा टाकला की मग आवाज हेच औषध.

तो आवाज माझा होता. माझं नाव ईरम्मा. डॉक्टरांना कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि आमचे निम्मे रोगी घरात कानडी बोलणारे. बाजारात ते मराठी बोलायचे, अगदी फर्डी, पण डॉक्टरांनी मराठीत "तुमचा हात जड होतोय" म्हटलं की व्यापारी माणसाचं मन लगेच तराजूकडं धावायचं. आईनं ज्या भाषेत थोपटून निजवलं त्याच भाषेत माणूस स्वतःला सैल सोडतो. डॉक्टरांना हे माझ्यावरूनच कळलं होतं, कारण नोकरीला लागण्याआधी मी त्यांची रोगी होते.

तेही सांगते. माझं सासर अक्कलकोटच्या अलीकडं, भुसाराचे मोठे व्यापारी. सासरी माझं नाव बदलून चंद्रव्वा ठेवलं. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. सासूनं, शिवबाईनं, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीसमोर माझा उद्धार सुरू केला. एक दिवस मी पीठ मळत होते आणि ती माझ्या आईवर घसरली. माझा पिठाचा हात वर उठला. नवऱ्यानं मागून येऊन माझं मनगट धरलं. त्यानं मनगट सोडलं, पण माझी मूठ काही उघडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिना झाला तरी नाही. बोटं ओढून पाहिली, तेल चोळून झालं. मग शिवबाई म्हणाली, ह्या मुठीत कुणीतरी बसलंय.

मांत्रिक आणला. त्यानं विळा चुलीत लाल केला. माझा नवरा माझ्या मागं बसला आणि त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. विळा हाताला लागला तेव्हा मी ओरडले, आणि मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत होता. एकच शब्द बोलला. मांत्रिकाला म्हणाला, "हगूर."

कानडीत हगूर म्हणजे हलकं. आमच्या बाजूला हगूर म्हणजे हळूसुद्धा. त्याला म्हणायचं असेल, जरा बेतानं घे. मांत्रिकानं घेतला तो दुसरा अर्थ. विळा हळू फिरवला. पटकन लावून काढला असता तर कातडीच जळाली असती. हळू फिरवल्यामुळं तो आत गेला. नवऱ्याची सगळी दया ती एवढीच, आणि तिचाच वण आजही माझ्या मनगटापासून करंगळीपर्यंत आहे.

पुढं मला माहेरी पाठवलं ती कायमची. त्यानं दुसरं लग्न केलं. भावानं मला काकडे डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी मुठीला हात लावला नाही. आधी मराठीतून बोलले, काही झालं नाही. मग माझ्या भावाला म्हणाले, मी सांगतो ते तुम्ही तुमच्या भाषेत सांगा. भावानं सांगितलं, डावा हात हलका होतोय, आपोआप उचलला जातोय. आणि खरंच तो उचलला गेला! मी ते बघत होते, मला सगळं ऐकू येत होतं, पण हात मी उचलत नव्हते. मग म्हणाले, आता उजव्या हाताला त्याचा हेवा वाटू दे. चारदोन बैठकींत माझी मूठ उघडली. मी ढसाढसा रडले. डॉक्टरांनी विचारलं, "हा हात कुणाला तरी मारणार होता. कुणाला?"

सासूला म्हटलं की कुणाची सासू ते सांगणं आलं, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही आमच्यात. भावाकडं पाहिलं, तर त्यानंही "सासरच्या माणसांना" एवढंच सांगून विषय मिटवला. माझा नवरा कोण हे डॉक्टरांना अशा रीतीनं कधी कळलंच नाही.

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात तो माझ्या समोर येऊन बसला. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. टांग्यातून आधी एक तरुण बाई उतरली, नाकीडोळी नीटस, सोन्यानं मढलेली. तिनं शिवबाईला हाताला धरून उतरवलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आणि मागून तो. मान खाली, खांद्यावर उपरणं, अंगात ताप. मानेखाली काळपुळी झाली होती, तळहाताएवढी, तोंडं फुटून पू येणारी.

डॉक्टरांनी तपासलं. लघवीत साखर, हृदयाचे ठोके चुकणारे. काळपुळी कापून साफ केली नाही तर विष अंगात भिनेल. क्लोरोफॉर्म दिला तर हृदय टेबलावरच बंद पडेल. सुई टोचून जागा बधिर करावी, तर एवढ्या सुजलेल्या मांसात ते औषध धड लागत नाही.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "आमच्या बाई तुमच्या भाषेत बोलतील. तुम्ही त्यांच्या आवाजावर भरवसा ठेवायचा. वेदना जाणवणार नाही. आधी काही दिवस सराव करू. ईरम्मा, या इकडं."

त्यानं मान जेवढी वळत होती तेवढी वळवली. आधी माझं तोंड पाहिलं, मग माझं मनगट. चेहरा पांढराफटक. शिवबाईला ईरम्मा हे नाव माझं आहे हे लक्षात राहायचं कारण नव्हतं. आवाजावरून ओळखावं, तर त्या घरात सासूपुढं माझा आवाज कधी निघालाच नव्हता.

"चालंल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालंल," तो म्हणाला.

म्हातारीनं चाचपडत माझा हात धरला. डावा धरला, वणाचा नाही. "बाई, एकुलता एक ल्योक हाय माजा. तुज्या पाया पडते. त्येला जरा बी दुकू देऊ नगंस."

"न्हाय दुकू देणार," मी म्हटलं. माझ्या पोटात इतका आनंद उसळला होता की मला वाटलं सगळ्यांना ऐकू जाईल. देवानं त्याला उचलून माझ्या हातात आणून ठेवलं होतं, तेही उघडं करून, आणि वर सासूनं त्याच्यासाठी माझ्याच पाया पडावं! मी त्याच क्षणी ठरवलं. तो टेबलावर ओरडणार, आणि मी ते ऐकणार. मी ओरडले होते ना, तसाच.

सराव सुरू झाला. डॉक्टरांचा नियम असा, की रोग्याला त्याच्या नावानं हाक मारायची, आणि आई मारते तशी, एकेरी. अहोजाहो केलं की माणूस ताठ होतो. मी खुर्चीसमोर स्टुलावर बसले. त्याला माझ्या अंगठ्याच्या नखाकडं बघायला सांगितलं. आणि पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं.

"सिद्राम."

लग्नात एकदा उखाण्यात ते माझ्या तोंडातून निघालं होतं. त्यानंतर आजच. सिद्राम, तू मला ऐकतोयस. सिद्राम, तुझे डोळे जड होतायत. नवऱ्याला तू म्हणताना जिभेला कशी गोडी आली म्हणून सांगू! तो दचकला. डोळे टक्क उघडे. पहिली बैठक फुकट गेली.

"आवाजाची सवय नाही त्यांना," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "ओळख वाढू दे."

"वाढंल की," मी म्हटलं.

दुसऱ्या बैठकीत तो त्या अवस्थेत आला. दुखण्यानं टेकीला आला होता, रात्र रात्र पाठ टेकता येत नव्हती, करणार काय? मी त्याला विहिरीवर नेलं. लहानपणी आई विहिरीवर अंघोळ घालते, मानेवर गार पाणी सोडते, मान गार पडते, बधिर होते, पाणी अजून सोडते, अजून. मग हात. "हात हगूर होतोय, सिद्राम. हगूर, हगूर." तो शब्द टाळता येत नव्हता, कानडीत हलक्याला दुसरा सोपा शब्द नाही. प्रत्येक वेळी तो उच्चारताना माझ्या मनगटात कळ यायची. त्याचा हात मात्र उचलला जायचा, अगदी आपोआप, पाण्यावर ठेवल्यासारखा. डॉक्टरांनी त्याच्या हातात सुई टोचली. पापणीसुद्धा हलली नाही.

चार दिवस हे चाललं आणि तो सुधारायला लागला, हे मला सगळ्यात असह्य झालं. माझ्या आवाजानं त्याला रात्री झोप लागायला लागली. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी मागून खायला लागला. तोंडावर तुकतुकी आली. सुंदरम्मा, ती तरुण बाई, मला म्हणाली, "तुमी बोलून गेलात की ते लई शांत असत्यात, बाई." शिवबाई म्हणाली, माझ्या जिभेवर साखर आहे. मी हसून मान हलवायची आणि घरी जाऊन भांडी आदळायची.

तो डोळे उघडायचा आणि उठून जायचा. इतक्या दिवसांत माझ्याशी एक शब्द नाही. कशी आहेस नाही, चुकलं नाही, काही नाही. बोलला असता तर मी विचार बदलला असता का? नसता बदलला. पण तो बोलला नाही, हे माझ्या रागाच्या चांगलंच पथ्यावर पडलं.

कापायचा दिवस उजाडला. त्याला टेबलावर पालथं निजवलं, तोंड डावीकडं. मी स्टूल ओढून त्याच्या तोंडासमोर बसले, इतकी जवळ की त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता. कंपाउंडर धोंडीराम हत्यारं घेऊन उभा. शिवबाई आणि सुंदरम्मा बाहेरच्या बाकावर. डॉक्टरांनी मान हलवली.

मी सुरू केलं. काम मी चोख केलं, त्याबद्दल माझ्याकडं कुणी बोट दाखवू नये. त्याला विहिरीवर नेलं, मानेवर पाणी सोडलं. श्वास लांबला. चेहरा लहान मुलासारखा झाला. डॉक्टरांनी पहिला छेद घेतला, फुलीसारखा, आडवा आणि उभा. पू वाहिला. वासानं धोंडीरामनं तोंड फिरवलं. हा मात्र गाढ, शांत, माझ्या विहिरीवर बसलेला.

"वा," डॉक्टर पुटपुटले. "आता आतलं सडलेलं खरवडून काढायचं. हा भाग वाईट. आवाज चालू ठेवा."

मी आवाज चालू ठेवला. चाल तीच ठेवली, अंगाईची. फक्त शब्द बदलले. डॉक्टरांना आणि धोंडीरामला चाल कळत होती, शब्द कळत नव्हते.

"सिद्राम," मी म्हटलं, "पाणी आटलं. विहीर आटली. मानेवर आता पाणी नाही. मी ईरम्मा आहे, पण तुझ्या घरात मला चंद्रव्वा म्हणायचे. माझी मूठ उघडायला तुम्ही विळा तापवला होता. तू माझे खांदे धरले होतेस. डोळे उघड. माझ्याकडं बघ."

त्याचे डोळे उघडले. खरवडायचं हत्यार आत गेलं होतं. त्याच्या बुबुळांत मला ते कळलं, दाराबाहेर थांबवलेलं दुखणं दार ढकलून आत आलं ते. त्याची बोटं टेबलाच्या कडेला रुतली. आता ओरडेल, मी मनात म्हटलं. मी मान पुढं केली.

तो ओरडला नाही. दात ओठांत रुतवून माझ्याकडं बघत राहिला.

मग मी वर पाहिलं आणि मराठीत म्हटलं, "डॉक्टर, ते हळू करा म्हणत्यात."

"हळू?" डॉक्टरांना नवल वाटलं. "बरं. हळू घेतो."

आणि ते हळू घेऊ लागले. जे पटकन उरकलं असतं ते रेंगाळलं. सिद्रामला मराठी येत होती, चांगली येत होती. त्याच्या नावावर मी काय खपवलं ते त्यानं ऐकलं होतं. हळू म्हणजे काय, कुठून आलं, तेही त्याला कळलं, कारण त्याच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. "डॉक्टर, मी जागा हाय." एवढं म्हणाला असता तर डॉक्टर थांबले असते आणि मला त्याच पावली हाकललं असतं. मी वाट बघत होते. बोल ना! ओरड! ओठातून रक्त आलं, कपाळावरचा घाम नाकावरून खाली ठिबकला, आणि तो गप्प. माझ्यावरची नजर त्यानं एकदाही काढली नाही. शेवटी मलाच खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही.

जखमेत पट्टी भरून झाली. डॉक्टर हात धूत म्हणाले, "घाम फार आला, पण हूं की चूं नाही! ईरम्मा, मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत मी हे सांगणार आहे."

त्या दिवशी घरी गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता छान वाटेल. थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याला दुखलं याचा मला आनंद झाला, आणि तो टिकला. पण जे ऐकायला बसले होते ते मिळालं नव्हतं. जेवताना बसल्या जागी दात खात होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची होती. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. मी कापूस, पाणी घेऊन गेले. तो उशीवर पालथा पडला होता. मान न हलवता कानडीत म्हणाला, "झाली का शांत?"

दवाखान्यात आल्यापासून त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं हे.

"मी जागा होतो," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मीच जागं केलं."

"ओरडलो असतो तर तुझी नोकरी गेली असती. म्हणून नाही ओरडलो. माहेरीही तुला कोण विचारणार? तुझं पोट ह्याच्यावर आहे. म्हटलं, राहू दे तिला."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं, नाहीतर त्याच्या डोक्यात घातलं असतं. राहू दे तिला! म्हणजे इथून पुढं मी जी भाकरी खाणार ती ह्याच्या मेहरबानीची. मी ज्याला माझ्या हातानं शिक्षा दिली, त्यानं ती घेता घेता मला दान करून टाकलं, आणि वर उशीवर डोकं ठेवून मोठ्या मनाचा झाला. घरातून हाकललं तेव्हा माझ्या पोटाची काळजी नव्हती ह्याला. त्या मोठेपणाची मला इतकी किळस आली की कालचं सगळं त्याच्यापुढं काहीच नाही.

मी बाहेर जाऊन बाकावरच्या दोघींना म्हटलं, "आत या." मग डॉक्टरांना बोलावलं. सगळे खाटेभोवती उभे राहिले. म्हातारीला वाटलं काही बरंवाईट झालं, ती खाट चाचपडायला लागली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "काल ह्येंना गुंगी नव्हती. खरवडायच्या येळंला मी ह्येंना जागं केलं. हळू करा म्हणून मीच सांगितलं, ह्येंनी न्हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काय बोलताय, ईरम्मा?"

खाटेवरून आवाज आला. "न्हाय डॉक्टर. बाईंचा घोटाळा हुतोय. मला झोप लागली हुती. काय बी दुकलं न्हाय."

पुन्हा दान! मी बाही वर सारली आणि उजवा हात डॉक्टरांच्या समोर धरला. हा वण त्यांना पाठ होता. त्यांनीच त्याच्यावर मलम लावलं होतं. त्यांनी हाताकडं पाहिलं, मग खाटेकडं, मग म्हातारीकडं. हळूहळू सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"हेच का ते?"

"व्हय."

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुमी मला ह्येंच्यापाशी बसू दिलं असतं?"

"नसतं दिलं." डॉक्टर म्हणाले. "ईरम्मा, या दवाखान्यात तुमचा आवाज हे औषध होतं. माणूस डोळे मिटून ते घेत होता. त्यात तुम्ही विष कालवलंत. मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"बराबर हाय," मी म्हटलं. आणि बरोबरच होतं ते, माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही. "मी जाते. पर मी असं का केलं, ते ह्येंनी सांगायचं. सगळ्यांच्या म्होरं. मराठीत सांगायचं, तुमाला बी कळलं पायजे."

शिवबाईला आता ओळख पटली. तिचे आंधळे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले आणि तोंड उघडंच राहिलं. मग ती कानडीत मुलावर ओरडली, गप्प बस, एक अक्षर बोलू नकोस. सुंदरम्मा सासूकडं बघत होती, नवऱ्याकडं बघत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

काल कातडी सोलली जात असताना ज्याला गप्प राहणं जमलं, त्याला आज तोंड उघडणं जमेना. घसा खाकरला, थांबला. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. कालच्यापेक्षा आज त्याला जास्त दुखत होतं, आणि आज त्याला कुणी हातही लावला नव्हता.

"ती माजी पयली बायकू," तो म्हणाला. "मांत्रिक आमीच आणला हुता."

"फुडं," मी म्हटलं.

"इळा तापवला."

"कुणी कुणाला धरलं?"

तो रडायला लागला. मोठ्यानं, नाक ओढत, उशीत तोंड खुपसून. म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, "पुरे, ईरम्मा. रोगी आहे तो."

"रोगी मी बी हुते, डॉक्टर," मी म्हटलं आणि स्टूल ओढून त्याच्या तोंडासमोर बसले. "फुडं बोला. मला घाई न्हाय."

सुंदरम्मा पदर सावरून दाराकडं निघाली, पाणी आणते म्हणाली.

"बस गं," मी तिला म्हटलं. "पाणी मागनं. तू तर आदी ऐक."

ती बसली. तो सांगू लागला.